रानाच्या काठावरचे लाकूड

निसर्गरम्य प्रदेशात प्रवाशांसाठी उभारल्या जाणाऱ्या वास्तूवर एक चमत्कारिक जबाबदारी असते : जे पाहण्यासाठी माणसे तेथे येतात ते तिने दाखवायचे असते आणि त्याच वेळी त्या माणसांपासून ते वाचवायचेही असते. अशा वास्तूंच्या अभिकल्पात, म्हणजे आकार, साहित्य आणि बांधणी यांच्या एकत्रित योजनेत, ज्यांनी दीर्घकाळ काम केले आहे त्यांना अनुभवाने हे ठाऊक असते की, पहिली मागणी कागदावर सहज भागते. मोठी काच बसवली, सज्जा थोडा पुढे काढला की दृश्य मिळते. दुसरी मागणी मात्र जागेच्या निवडीपासून पायाच्या खोलीपर्यंत प्रत्येक निर्णयात आडवी येते, आणि बांधकामाचे मुख्य साहित्य म्हणून लाकूड ठरले की तिला आणखी एक पदर जोडला जातो, कारण ज्या रानाचे दर्शन घडवायचे तशाच कुठल्यातरी रानातून ते तोडून आणलेले असते.

या पेचाचा उलगडा कसा होतो हे नॉर्वेच्या डोव्हरफ्येल पर्वतप्रदेशातील येर्किन येथे चांगले दिसते. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या एका माळावर तेथे २०११ साली एक लहानसा मंडप बांधण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९० चौरस मीटर, म्हणजे शहरातल्या एखाद्या मध्यम घराएवढेच आहे. समोर २२८६ मीटर उंचीचे स्नोहेट्टा शिखर आहे, आणि ज्या वास्तुविशारद संस्थेने हा मंडप रचला तिनेही आपले नाव याच शिखरावरून घेतलेले आहे. युरोपातील पर्वतीय रानटी रेनडिअरचे शेवटचे कळप दक्षिण नॉर्वेच्या या पठारांवर टिकून आहेत. हा प्राणी कमालीचा बुजरा असून माणसांची चाहूल लागताच चरणे सोडून दूर निघून जातो, आणि १९२१ साली पूर्ण झालेल्या डोव्हर लोहमार्गाने व त्याला समांतर धावणाऱ्या महामार्गाने त्याचे पूर्वापार फिरण्याचे मार्ग आधीच तोडलेले आहेत. शिवाय जवळच्याच भूभागावर १९२३ पासून सैन्याच्या गोळाबारीचा सराव चालत असे. १९९९ मध्ये नॉर्वेच्या संसदेने तो बंद करण्याचे ठरवले आणि पुढे तेथले रस्ते, इमारती व न फुटलेले तोफगोळे काढून जमीन निसर्गाला परत देण्याचे काम अनेक वर्षे चालले. एवढा इतिहास पाठीशी असलेल्या जमिनीवर प्रवाशांना मोकळे सोडणे शक्य नव्हते आणि त्यांना मज्जाव करणेही योग्य नव्हते, म्हणून त्यांना एका जागी, उबेत, दुर्बीण हाती देऊन बसवण्याचा मार्ग निघाला.

या योजनेतील सर्वात महत्त्वाचा निर्णय वास्तूच्या बाहेरचा आहे. गाड्या उभ्या करण्याची जागा मंडपापासून सुमारे दीड किलोमीटर अंतरावर ठेवली असून तेथून वर पायवाटेनेच जावे लागते. अशा प्रकल्पांत प्रवेशमार्गाचा प्रश्न हमखास वादाचा ठरतो, कारण प्रकल्पाचा खर्च उचलणाऱ्याला वाहनतळ दारापाशी हवा असतो आणि वृद्ध किंवा अपंग प्रवाशांची अडचण ही त्याची बाजू खोटीही नसते. तथापि चालण्याच्या त्या अर्ध्या तासात श्वासाची लय बदलते, बोलणे कमी होते आणि वाऱ्याचा रोख कळू लागतो. एवढी तयारी झालेला माणूस काचेसमोर बसला की पाहू लागतो, आणि थेट गाडीतून उतरलेला माणूस बहुधा छायाचित्र काढून परत फिरतो. वाहनतळ कुठे ठेवायचा हे ज्याने सोडून दिले त्याने अभिकल्पाचा निम्मा भाग सोडून दिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

मंडपाची घडण दोन स्वभावांची आहे. बाहेरून ती गंजू दिलेल्या पोलादाची आणि काचेची साधी चौकोनी पेटी आहे. पोलादाचा तांबूस रंग तेथल्या लोहयुक्त खडकाशी जुळतो. आत मात्र दहा इंची चौरस पाइन तुळया एकावर एक रचून त्यांचा एक गाभा केलेला असून तो वाऱ्यापाण्याने झिजलेल्या कड्यासारखा वळणदार कोरला आहे, आणि त्याच वळणांत बसण्याच्या पायऱ्या निघाल्या आहेत. हे कोरीव काम संगणकावरील त्रिमितीय आराखड्यावरून यंत्राने झाले, परंतु जुळणी हार्डांगर फ्योर्डच्या परिसरातील जहाजबांधणी करणाऱ्या कारागिरांनी केली, आणि जोडण्यासाठी लोखंडी खिळ्यांऐवजी लाकडाच्याच खुंट्या वापरल्या. वळण घेत जाणाऱ्या लाकडाशी जहाज बांधणाऱ्याचा रोजचा परिचय असतो. लाकूड हवेतील दमटपणा घेऊन आडवे फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण लांबीत जवळजवळ बदलत नाही. ही गोष्ट आराखड्याच्या रेषेत दिसत नाही, ती सांधा करणाऱ्या हाताला ठाऊक असते. लोखंड या हालचालीत सामील होत नाही आणि थंडीत त्याच्यावर दव धरून भोवतीचे लाकूड ओले राहते, तर खुंटी लाकडाचीच असल्यामुळे तिची हालचाल भोवतालच्या लाकडाशी बरीचशी मिळतीजुळती राहते. बाहेरच्या बाजूला पाइनच्याच डिंकाळ मुळांपासून काढलेल्या डांबराचा जुन्या पद्धतीचा हात दिला आहे, तर आतल्या बाजूस फक्त तेल लावले आहे.

या मंडपाला निव्वळ लाकडी म्हणता येणार नाही, आणि त्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. उघड्या माळावर वादळी वारा व बर्फ यांना तोंड देण्याचे काम पोलादाने करावे आणि माणसाच्या पाठीला व तळहाताला लागणारा भाग लाकडाचा असावा, ही वाटणी समंजस आहे. शाश्वत वास्तू, म्हणजे निसर्गावरील आपला भार कमीत कमी ठेवून दीर्घकाळ टिकणारी वास्तू, एकाच साहित्याशी निष्ठा राखल्याने घडत नाही.

जमिनीला स्पर्श किती करायचा हा त्यापुढचा प्रश्न. नॉर्वेतच पश्चिमेकडे वाल्डाल येथे एका घळीलगत येन्सेन आणि स्कोडव्हिन या वास्तुविशारदांनी रचलेले युव्हेट नावाचे निवासस्थान आहे. त्यातील प्रत्येक खोली ही स्वतंत्र लाकडी कुटी असून ती खडकात छिद्र पाडून रोवलेल्या ४० मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळ्यांवर तोललेली आहे. सुरुंग नाही, सपाटीकरण नाही, झाडांच्या मुळांवरून भराव नाही. अशा पायाची किंमत बांधकाम चालू असताना कळते : वाहने, मचाणे आणि साहित्याचे ढीग यांनाही तोच नियम लावावा लागतो. दोन वर्षांनी दिसेनाशा होणाऱ्या पायाच्या खड्ड्यापेक्षा मालमोटारीच्या चाकांनी दाबून टाकलेली माती अधिक काळ नापीक राहते, हे या क्षेत्रात पुन्हापुन्हा अनुभवास येते. त्यामुळे जाणकार अभिकल्पक कंत्राटात इमारतीच्या मापांइतक्याच काटेकोरपणे कामगारांनी कुठून चालायचे याच्या रेषाही आखून देतात.

युव्हेटमधील आणखी एक बारकावा कामाच्या अनुभवातूनच सुचण्यासारखा आहे. तेथे आतल्या लाकडी भिंतींना काळसर रंगद्रव्य मिसळलेले पारदर्शक तेल दिले आहे, कारण फिकट लाकडाची खोली संध्याकाळी दिवा लागताच काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दाखवू लागते आणि बाहेरचे झाड नाहीसे होते. दर्शनी छायाचित्रांत उजळ, मधाळ लाकूड शोभून दिसते, म्हणून प्रकल्पाच्या मालकाला ते आवडते. काळ्या भिंतींचा आग्रह धरणे अवघड असते. पण खोली अंधारी ठेवली तरच बाहेरचा उजेड आत बसलेल्याला पुरेसा दिसतो. जुन्या माजघरातून उघड्या दारापलीकडचे अंगण किती लख्ख दिसत असे हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे वेगळे स्पष्टीकरण नको.

लाकडाबरोबर काम करणे म्हणजे काय याचा सर्वात सविस्तर धडा मात्र इंग्लंडमधील वेस्ट ससेक्स परगण्यात, सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड खुल्या संग्रहालयात मिळतो. रस्ते आणि जलाशय यांच्यापायी पाडल्या जाणाऱ्या जुन्या ग्रामीण घरांचे सांगाडे उचलून आणून पुन्हा उभे करणारे हे संग्रहालय १९७० साली लोकांसाठी खुले झाले. हे सांगाडे जमिनीवर पसरून दुरुस्त करण्यासाठी खांब नसलेली मोठी जागा हवी होती. एडवर्ड कलिनन यांच्या कार्यालयाने, ब्युरो हॅपोल्ड या अभियंता संस्थेने आणि ग्रीन ओक कार्पेंट्री या सुतारांच्या कंपनीने मिळून २००२ मध्ये ती दिली. ही रचना जाळीकवच या प्रकारातली आहे. जाळीकवच म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्यांची सपाट चौकटजाळी वाकवून तयार केलेले घुमटाकार छत. वाकताना जाळीतील चौकोनांचे समभुज तिरके चौकोन होतात, जुन्या मुंबईतील लिफ्टचे जाळीदार सरकते दार ओढताना होतात तसेच, आणि हवा तो आकार आल्यावर सांधे आवळून कर्ण बंद केले की तीच लवचिक जाळी ताठ कवच बनते. हा प्रकार फ्राय ओटो या जर्मन वास्तुविशारदाने १९७५ साली मानहाइम येथील सभागृहात मोठ्या प्रमाणावर सिद्ध केला होता. तेथे जाळी जमिनीवर पसरून खालून वर ढकलली होती.

सिंगलटनला उलटा क्रम घेतला गेला. सुमारे ४८ मीटर लांबीच्या या इमारतीसाठी ओकच्या ५० बाय ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या उंच मचाणावर सपाट पसरल्या गेल्या आणि मग कडेचे आधार थोडेथोडे खाली घेत, आठवडेच्या आठवडे, जाळीला तिच्या स्वतःच्या वजनाने खाली येऊ दिले गेले. ओक ओले, म्हणजे तोडल्यानंतर न सुकवलेले होते, कारण ओल्या लाकडाचे तंतू मऊ असून वाकताना तुटत नाहीत, आणि आकारात बसल्यावर ते जसजसे सुकते तसतसे कठीण होत जाते. तरीही गाठ असलेली किंवा तंतूंची दिशा तिरकी गेलेली पट्टी वाकवताना फुटतेच, म्हणून आधी प्रत्येक पट्टीतील दोष कापून काढावे लागले आणि उरलेले निर्दोष तुकडे बोटांत बोटे गुंतवल्यासारख्या दातेरी सांध्यांनी चिकटवून लांब पट्ट्या तयार कराव्या लागल्या. तरीही काही सांधे फुटले आणि सुतारांनी ते वर चढून जागच्या जागी दुरुस्त केले. संगणकाने काढलेला आकार हा अंदाज होता. प्रत्यक्षात कोणत्या दिवशी कोणता आधार किती उतरवायचा, हे लाकडाचा आवाज आणि वाक पाहून ठरवणे भाग होते. वेळापत्रक हातात धरून बसलेल्या व्यवस्थापकाला हा सर्व काळ बिकट जातो, आणि त्यात त्याची चूक नसते. त्याचे शिक्षण अशा साहित्यावर झालेले असते की जे ओतले जाते, घट्ट होते आणि नंतर फारसे काही बोलत नाही.

ही इमारत भोवतालच्या टेकड्यांची वळणे आपल्या छतावर घेते. तिचा खालचा मजला चुनखडीच्या उतारात खोदून बसवला आहे, आणि मातीच्या आवरणामुळे तेथले तापमान जवळजवळ स्थिर राहून संग्रहातील जुन्या वस्तू यंत्रांच्या फारशा मदतीशिवाय जपल्या जातात. प्रवाशाला वर सुतार काम करताना दिसतो, आणि त्या परिसरातील घरे जशी घडली तशीच ती दुरुस्त होताना पाहायला मिळतात. भूदृश्याशी नाते जोडायला प्रत्येक वेळी खिडकीच लागते असे नाही.

येथे एक अडचणीची गोष्ट नोंदवावी लागते. स्थानिक सुतारकामाचा वारसा जपणाऱ्या या संग्रहालयाच्या छताचे ओक नॉर्मंडीहून, म्हणजे खाडीपलीकडच्या फ्रान्समधून आणावे लागले, कारण एवढे सरळ आणि गाठी नसलेले लाकूड हवे तर झाडे दाटीत वाढवलेली, खालच्या फांद्या वेळेवर छाटलेली असावी लागतात, आणि तशी राखणूक तेथील वनांत पिढ्यान्‌पिढ्या झालेली होती. बाहेरच्या फळ्यांचे सीडर मात्र इंग्लंडमधल्याच लाँगलीट इस्टेटीचे होते. चार वर्षांनी, २००६ मध्ये, विंडसर ग्रेट पार्कमधील सॅव्हिल उद्यानासाठी ग्लेन हॉवेल्स यांनी ९० मीटर लांबीचे जाळीकवच रचले तेव्हा त्याच्या पट्ट्यांसाठी त्याच राजमालकीच्या इस्टेटीत वाढलेला लार्च वृक्ष वापरता आला. दोन्ही इमारतींच्या जमाखर्चातील फरक छतात नाही, तो साठसत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी केलेल्या लागवडीत आहे. अभिकल्पक स्वतःच्या हयातीत लाकूड निवडू शकतो. ते वाढवणे त्याच्या हाती नसते, आणि म्हणून वनाधिकाऱ्याशी त्याची गाठ आराखडा पूर्ण झाल्यावर नव्हे तर पहिली रेषा ओढण्यापूर्वी पडायला हवी.

लाकडी वास्तू बांधून झाली की तिचे खरे प्रकरण पाण्याशी सुरू होते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारणपणे २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. त्याखाली ती वाढू शकत नाही, म्हणून भिजणे हा प्रश्न नसतो, भिजून न सुकणे हा असतो. लाकडाची आडवी कापलेली टोके नळ्यांप्रमाणे पाणी ओढतात, फळीवर फळी सपाट टेकली की मधल्या फटीत ओल साचते, आणि जमिनीवरून उडणारे शिंतोडे खालच्या हातभर भागाला सतत ओले ठेवतात. यावरचे उपाय रासायनिक असण्याआधी घडणीचे असतात : छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडावी, जोते उंच असावे, टोके झाकलेली किंवा तिरपी छाटलेली असावीत आणि प्रत्येक सांध्यातून वारा फिरावा. कोकणातल्या किंवा घाटावरच्या जुन्या घराच्या वळचणीखाली उभे राहिलेल्या कोणालाही हे नवे वाटणार नाही.

त्याहून कठीण असते रंगाचे बोलणे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना बांधून ठेवणारा घटक, पृष्ठभागावर विघटित होतो, पाऊस तो धुऊन नेतो आणि उरलेला थर रुपेरी करडा पडतो. ही झीज इतकी मंद असते की फळीच्या ताकदीला पिढ्यान्‌पिढ्या धक्का लागत नाही. परंतु उद्‌घाटनाच्या छायाचित्रात जी इमारत सोनेरी होती ती तीन पावसाळ्यांनी करडी दिसू लागली की व्यवस्थापनाला ती दुर्लक्षित वाटू लागते आणि चकाकणारे वार्निश आणले जाते. वार्निश तडकते, त्याखाली पाणी अडकते, आणि जी फळी उघडी ठेवल्यास टिकली असती ती कुजते. म्हणून करडेपणाची कल्पना सुरुवातीलाच, जुन्या फळीचा तुकडा हातात देऊन, संबंधितांना द्यावी लागते. वर्णन करून ती पोहोचत नाही. छज्ज्याखालचा भाग तांबूस राहतो आणि पावसाच्या माऱ्यातला करडा होतो, त्यामुळे एकाच भिंतीवर त्या जागेच्या वाऱ्यापावसाचा नकाशा उमटतो, आणि खरे पाहता भूदृश्याशी जोडले जाण्याची याहून थेट खूण दुसरी नाही.

कार्बनच्या हिशेबाविषयी थोडक्यात. सुक्या लाकडाच्या वजनापैकी जवळपास निम्मा भाग झाडाने हवेतून घेतलेला कार्बन असतो, आणि मऊ लाकडाच्या एका घनमीटरमध्ये साधारणपणे पाऊण टनाहून अधिक कार्बन डाय-ऑक्साइड अशा रीतीने बांधला जातो. हा आकडा प्रकल्पाच्या माहितीपत्रकात आवडीने छापला जातो. तो खरा आहे, पण तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे वाढले आणि इमारत ते वाढेपर्यंत उभी राहिली तरच. आणि एखाद्या दुर्गम मंडपापर्यंत हजारो प्रवासी आपापल्या गाड्यांनी येत असतील तर इमारतीतल्या लाकडाने वाचवलेला कार्बन त्यापुढे किरकोळ ठरतो. याबाबत रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल असे येर्किनसारखे ठिकाण अपवादानेच सापडते.

महाराष्ट्रात या सर्व अनुभवाचा उपयोग जसाच्या तसा होणार नाही. डोव्हरफ्येलचा प्रदेश पर्जन्यछायेत असून कोरडा आहे आणि तेथे वाळवी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वाळवी बाराही महिने हजर असते. तथापि येथील पर्यटनस्थळी जे दिसते ते याहून विचित्र आहे. बागांतून आणि कड्यांवरच्या पॉइंटांवरून सिमेंटचे कठडे झाडाच्या ओंडक्यांसारखे घडवून, त्यांवर साल आणि गाठी कोरून तपकिरी रंग दिलेला असतो. कचरापेटीही पोकळ खोडाच्या आकाराची असते. लाकडाची आठवण हवी आहे, पण लाकूड नको, अशी ही मनःस्थिती आहे, आणि तिला प्रशासकीय कारणही आहे : जंगले वाचावीत या हेतूने केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ पासून आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यास मनाई केली होती, ती २०२० साली उठवण्यात आली. त्या मधल्या काळात अभियंत्यांची एक संपूर्ण पिढी लाकडी सांध्याचा हिशेब न करता निवृत्तीच्या उंबरठ्याशी आली. दरम्यान चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत सागवान वाढतच होते. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातूनच लाकूड गेले. सागाच्या गाभ्यात वाळवीला नकोशी असणारी तैलद्रव्ये नैसर्गिकरीत्या असतात, म्हणून खांब आणि तुळयांसाठी गाभाच घ्यायचा आणि बाहेरचे फिकट लाकूड वगळायचे, हे जुन्या वाड्यांच्या सुतारांना सांगावे लागत नसे.

पश्चिम घाटातील कासचे पठार हे या दृष्टीने अवघड उदाहरण आहे. जांभ्या दगडावर मातीचा जेमतेम काही सेंटीमीटरचा थर, त्यावर पावसाळ्याच्या अखेरीस उमलणारी फुले, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लोटणारी गर्दी. युव्हेटच्या सळ्यांसारखे हलके पाय येथे उपयोगी पडू शकतील, पण त्या पायांवर चालण्याच्या फळ्या टाकायच्या तर त्यांच्या सावलीत खालची फुले उमलणार का, दोन फळ्यांमधील फट किती ठेवायची आणि पाऊस ओसरल्यावर त्या उचलून ठेवता येतील का, हे प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञाशिवाय सुटणारे नाहीत. शिवाय खर्चाचे कोष्टक बांधकामापाशी संपवण्याची आपल्याकडे सवय आहे. लाकडी पायवाटेची खालची फळी बदलण्याजोगी, स्क्रू काढून सुटणारी, ठरावीक मापाची असावी लागते, तशा फळ्यांचा साठा जवळच्या वनकार्यालयात असावा लागतो, आणि दर दिवाळीनंतर वाकून प्रत्येक सांधा तपासणारा, ठोकून आवाज ऐकणारा एक सुतार पगारपत्रकावर असावा लागतो. निविदेत हे पद घालून घेणे हा अभिकल्पाचाच भाग समजला जातो तेथे लाकडी वास्तू टिकतात.